एकच लेन्स निवडताना: आपली अंतरे आणि आपला उजेड

कॅमेरा घेऊन वर्ष-दीड वर्ष झाले की किटमध्ये आलेली १८-५५ मिमीची लेन्स कुठेतरी अपुरी पडू लागते. तीन-चार लेन्स विकत घेऊन त्या खांद्यावर वागवणे बहुतेकांना परवडत नाही, आणि जत्रेच्या धुळीत उभ्या उभ्या लेन्स बदलण्याची तर इच्छाच होत नाही. म्हणून मग अशी एक लेन्स हवीशी वाटते, जी कॅमेऱ्यावर एकदा चढवली की वर्षभर उतरवावी लागू नये. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले ओळखीचे लोक मला याविषयी सतत विचारतात. त्यांत केळीच्या पानावरच्या रोगाचे फोटो कृषितज्ज्ञांना पाठवणारे शेतकरी आहेत, घरच्या आणि गावच्या कार्यांचे फोटो काढणारे शिक्षक आहेत, आणि सुटी लागली की सातपुड्याकडे धाव घेणारी तरुण मुलेही आहेत. या सर्वांना एकच लेन्स सुचवता येत नाही. निवडीची रीत मात्र सर्वांना एकच लागू पडते.

दुकानातल्या किंवा मोबाईलवरच्या यादीपासून सुरुवात केली की नजर सगळ्यांत मोठ्या आकड्यावर जाते आणि १८-४०० सारखी लेन्स मनात भरते. त्याऐवजी आपण कोठे उभे राहून आणि किती उजेडात फोटो काढतो, हे आधी कागदावर उतरवले, तर यादीतली बहुतेक नावे आपोआप गळून पडतात. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी आपलेच जुने फोटो मोजावेत

प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात तो कोणत्या फोकल लेन्थवर (लेन्सवरचा मिमीचा आकडा; तो लहान तितका कोन रुंद, मोठा तितके दूरचे जवळ दिसते), कोणत्या ॲपर्चरवर (लेन्सचे तोंड किती उघडे होते), किती शटर स्पीडने (प्रकाश किती वेळ आत घेतला) आणि किती आयएसओवर (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता; अंधारात ती वाढवावी लागते) काढला, याची नोंद असते. संगणकावर फोटोच्या फाइलवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये ती दिसते; लाइटरूम किंवा डिजिकॅमसारखा प्रोग्राम असेल तर फोकल लेन्थनुसार फोटो गाळून घेता येतात. गेल्या वर्षभरातले, स्वतःला मनापासून आवडलेले तीनशे फोटो निवडावेत आणि वहीत रकाने आखावेत: १८ वर किती, १८ ते ३५ मध्ये किती, ३५ ते ५५ मध्ये किती, आणि नेमके ५५ वर किती.

रकाने भरले की दोन टोकांकडे आधी पाहावे. १८ च्या रकान्यात गर्दी असेल तर आपण भिंतीला पाठ टेकवून फोटो काढत आहोत, आणि आपल्याला याहून रुंद कोन लागतो. ५५ च्या रकान्यात गर्दी असेल आणि त्यांतले बरेच फोटो नंतर कापून जवळ आणलेले असतील, तर आपल्याला लांबचा पल्ला लागतो. मधल्या रकान्यांत बहुतेक फोटो असतील, तर कदाचित पल्ल्याची अडचणच नाही. अडचण उजेडाची आहे, आणि त्यासाठी आयएसओचा आकडा तपासावा. ३२०० आणि ६४०० हे आकडे पुन्हा पुन्हा येत असतील, तर जास्त झूमची लेन्स घेऊन काहीही सुधारणार नाही.

ही मोजणी पूर्ण वर्षाची असावी, असा माझा आग्रह आहे. दिवाळीच्या सुमारास लेन्स घेणारा माणूस दिवाळीच्याच फोटोंचा विचार करतो. खानदेशाचे वर्ष मात्र फार वेगवेगळ्या उजेडांतून जाते: होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्यातले भोंगऱ्या बाजार भर उन्हात भरतात, आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके झाडाच्या सावलीत असतात, कानबाई या देवीचा जागर श्रावणातल्या रात्री बंद खोलीत होतो, हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजली जातात तेव्हा अंधार पडलेला असतो, आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तापीकाठची धूळ हवेत असते. यांपैकी आपण कोठे कोठे जातो, त्यावर खूण करावी. जेथे जात नाही, त्या प्रसंगासाठी पैसे खर्च करू नयेत.

अंतराचा हिशेब

फोकल लेन्थचा आकडा एकटा पाहून काही कळत नाही, कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या, आकारावर त्याचा अर्थ बदलतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. बहुतेकांच्या हातात असलेल्या एपीएस-सी कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो, आणि कॅननचा त्याहून किंचित लहान. त्यामुळे एपीएस-सीवर १८ मिमीचा कोन फुल फ्रेमवरच्या २७ मिमीइतका होतो आणि २४ मिमीचा ३६ इतका, म्हणजे चांगलाच अरुंद. बहुतेक मोबाईलचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या २४ ते २६ मिमीच्या आसपास असतो. कॅमेऱ्यापेक्षा मोबाईलमध्ये जास्त माणसे मावतात, ही तक्रार येते ती यामुळेच.

चौकटीत किती रुंदी मावेल, हे काढण्याचे गणित सोपे आहे: विषयापर्यंतचे अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेन्थ. तीन प्रसंगांवर ते करून पाहू.

पहिला प्रसंग कानबाईचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसते, आणि ती बसते ती खोली जुन्या घरांत दहा बाय बाराची असते. पाठ समोरच्या भिंतीला टेकवली तरी कानबाईच्या चौरंगापर्यंत जेमतेम तीन मीटर अंतर मिळते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २४ मिमीने तेथे २.९ मीटर रुंदी मावते, १८ मिमीने ३.९ मीटर आणि १६ मिमीने ४.४ मीटर. २४ वर कानबाई आणि शेजारच्या दोघी-तिघी येतात. १८ वर भिंतीशी बसून गाणी म्हणणाऱ्या बायका आणि रोटांची (नैवेद्याच्या जाड पोळ्यांची) परातही येते. या एका मीटरभर रुंदीमुळे फोटोचा अर्थ बदलतो. म्हणून एपीएस-सी कॅमेऱ्यावर २४ मिमीपासून सुरू होणारी लेन्स एकमेव लेन्स म्हणून घेऊ नये, असे मी ठामपणे सांगतो. २४-१०५ मिमीची लेन्स नावाजलेली आहे आणि जुनी स्वस्तात मिळते, म्हणून अनेक जण ती लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चढवतात आणि मग घरात फोटो काढायला मोबाईल बाहेर काढतात.

दुसरा प्रसंग सारंगखेड्याचा. घोडा पळवून दाखवतात तेव्हा गर्दीच्या कडेपासून तो चाळीस मीटरवर आहे असे समजू. घोडा आणि स्वार मिळून उंची अडीच मीटर धरावी. एपीएस-सीवर ५५ मिमीने चौकटीत १७ मीटर रुंदी येते आणि घोडा मैदानात हरवतो. १३५ मिमीने सात मीटर रुंदी आणि साडेचार मीटर उंची येते. घोडा-स्वार चौकटीच्या अर्ध्याहून अधिक उंची व्यापतात, आणि थोडे कापले की फोटो पूर्ण होतो. २०० मिमीने ४.७ मीटर रुंदी येते, पण इतक्या घट्ट चौकटीत पळता घोडा धरून ठेवणे अवघड जाते. १३५ ते १४० पर्यंतचा पल्ला येथे पुरतो. शिवाय बाजार चालू असताना मालकाला विचारून दहा मीटरपर्यंत सहज जाता येते, आणि तेवढ्या अंतरावर ७० मिमीसुद्धा पुरेसे असते.

तिसरा प्रसंग रानपिंगळ्याचा, म्हणजे एका लहान घुबडाचा. १८८४ नंतर ११३ वर्षे कोणालाही न दिसलेला आणि नामशेष झाला असे समजला गेलेला हा पक्षी १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, त्यामुळे सातपुड्यात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला तो खुणावतो. पण तो जेमतेम २३ सेंटिमीटरचा आहे. तीस मीटरवरून २०० मिमीने चौकटीची उंची २.३ मीटर भरते, म्हणजे पक्षी तिच्या एक दशांश उंचीचा दिसेल. ४०० मिमीने एक पंचमांश. हतनूर धरणावरच्या पाणपक्ष्यांचेही तेच आहे. पक्षी टिपायचे असतील तर त्यासाठी वेगळी लेन्स लागते, आणि एकाच लेन्सच्या यादीतून पक्षी मन घट्ट करून काढून टाकावे लागतात. मोठ्या झूमच्या मोहाचे मूळ बहुधा पक्ष्यांत असते, म्हणून हे सविस्तर सांगितले.

गणित पटत नसेल तर एक आठवडा एक प्रयोग करावा. आपल्या किट लेन्सची झूमची रिंग १८ वर फिरवून तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावावी आणि दोन दिवस तेवढ्यावरच काम करावे. मग पट्टी काढून ३५ वर लावावी, मग ५५ वर. पट्टी काढण्यासाठी नख कोणत्या क्षणी शिवशिवले, ते लिहून ठेवावे. ही नोंद कोणत्याही परीक्षणापेक्षा खरी असते.

लांबच्या पल्ल्याबद्दल एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसाने विशेष ध्यानात घ्यावी. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. नांगरून टाकलेल्या काळ्या रानावरून तापलेली हवा लाटांसारखी वर येत असते आणि दूरचे झाड डोळ्यांनाही थरथरताना दिसते. अशा दुपारी २०० किंवा ३०० मिमीने शंभर-दोनशे मीटरवरचा फोटो काढला, तर तो लिबलिबीत येतो, मग लेन्स कितीही महाग असो. दोष हवेचा असतो आणि शिव्या लेन्सला बसतात. सकाळी साडेआठच्या आत काम उरकावे किंवा विषयाच्या जवळ जावे, एवढेच उपाय आहेत.

उजेडाचा हिशेब

लेन्सच्या नावातला एफचा आकडा तिचे तोंड किती मोठे उघडते ते सांगतो, आणि आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. एफ/४ पेक्षा एफ/२.८ ने दुप्पट प्रकाश आत येतो आणि एफ/५.६ पेक्षा चौपट. जिच्या नावात एफ/३.५-५.६ असे दोन आकडे असतात, ती रुंद टोकाला ३.५ आणि लांब टोकाला ५.६ इतकीच उघडते. जिच्या नावात एकच आकडा असतो, ती पूर्ण पल्ल्यात तेवढीच उघडते.

खानदेशातल्या दिवसाला या फरकाची पर्वा नाही. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० वर एफ/८ आणि १/४०० सेकंद सहज मिळतात; नंदुरबारच्या पथारींवर वाळत घातलेली लाल मिरची, भोंगऱ्यातले पोशाख, लळिंगचा किल्ला, चांगदेवच्या मंदिरावरचे कोरीवकाम, हे सगळे कोणत्याही लेन्सने उत्तम येते. ज्याचे फोटो सूर्य असतानाच निघतात, त्याने एफ/२.८ साठी जास्तीचे पैसे देऊ नयेत आणि ते पैसे पल्ल्यावर खर्च करावेत.

रात्रीचे गणित वेगळे आहे. भरिताच्या पार्टीला एका दिव्याच्या उजेडात, वांगी ठेचणाऱ्या माणसाचा हात फार पुसट होऊ नये म्हणून १/६० सेकंद ठेवला आणि एफ/५.६ वर आयएसओ ६४०० लागला, तर एफ/२.८ वर तोच फोटो १६०० वर निघतो. १६०० आणि ६४०० यांतला फरक जुन्या कॅमेऱ्यावर डोळ्यांत भरतो: चेहऱ्यावर दाणे उमटतात आणि काळोखात रंगीत ठिपके दिसू लागतात. सातपुड्यातल्या काठीची होळी पहाटे पेटते आणि मोरपिसांचे उंच टोप घातलेले नर्तक आगीच्या उजेडात फेर धरतात. तेथे शटर आणखी वेगवान लागते, आणि एफ/५.६ ची लेन्स अक्षरशः हात टेकते.

येथे स्टॅबिलायझेशनविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्याच्या बॉडीमध्ये असलेली ही यंत्रणा आपल्या हाताचा कंप शोषून घेते. समोरच्या माणसाची हालचाल ती थांबवू शकत नाही. अजिंठा खानदेशात मोडत नाही, पण जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर असल्यामुळे इथल्या प्रत्येक कॅमेऱ्याची तेथे एकदा तरी फेरी होते. लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे आणि उजेड मंद आहे, पण भित्तिचित्रे हलत नाहीत. चांगल्या स्टॅबिलायझेशनची एफ/४ लेन्स श्वास रोखून धरली तर १/८ सेकंदावरही स्वच्छ फोटो देते. कानबाईपुढे फुगडी घालणाऱ्या बायकांसाठी मात्र १/८ चा काही उपयोग नाही; तेथे मोठे ॲपर्चरच हवे. आपले अंधारातले विषय हलणारे आहेत की स्थिर, या एका प्रश्नावर एफ/४ आणि एफ/२.८ मधली निवड ठरते.

जवळचे फोटो

रावेर-यावल पट्ट्यातल्या शेतकऱ्यांसाठी हा भाग पल्ल्याइतकाच महत्त्वाचा आहे. केळीच्या पानावर करपा सुरू होतो तेव्हा पट्ट्या काही मिलिमीटरच्या असतात, आणि कपाशीच्या बोंडातली गुलाबी बोंडअळी बोटाच्या पेराहून लहान असते. लेन्सच्या माहितीपत्रकात कमाल वर्धनाचा आकडा दिलेला असतो (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या किती पट होते ते), तो अवश्य पाहावा. ०.२५ वर्धन असेल तर एपीएस-सी चौकटीत साधारण साडेनऊ सेंटिमीटर रुंदीची वस्तू पूर्ण मावते. उघडलेले बोंड आणि त्यातली अळी ओळखण्यासाठी एवढे पुरते. ०.५ असेल तर पावणेपाच सेंटिमीटर. ०.२० च्या खालची लेन्स या कामासाठी टाळावी. जळगावच्या सराफ बाजारातले दागिने टिपणाऱ्यांचे काम मात्र मॅक्रो, म्हणजे अगदी जवळच्या फोटोंसाठीच्या, लेन्सचे आहे, एका सर्वोपयोगी लेन्सचे नाही.

केळीच्या पानावर मेणाचा थर असतो आणि उन्हात त्याच्यावर पांढरी चमक येते, तिच्याखाली डाग दिसेनासे होतात. पोलरायझर फिल्टर फिरवून लावला की ती चमक उतरते आणि पानाचा खरा हिरवा रंग दिसतो; त्या बदल्यात एक ते दोन स्टॉप प्रकाश कमी होतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). त्यामुळे लेन्स घेताना तिच्या फिल्टरचा व्यासही पाहून ठेवावा, कारण ५५ किंवा ६७ मिमीपेक्षा ७७ मिमीचा चांगला पोलरायझर बराच महाग पडतो.

माउंट आणि मोटर

माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जेथे अडकते ती जागा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण येथे झालेली चूक पुढे निस्तरता येत नाही. कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) बसत नाही. ईएफ लेन्स ॲडॅप्टर लावून नव्या आरएफ बॉडीवर पूर्ण काम करते. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सवर तेथे हातानेच फोकस करावा लागतो; एएफ-एस लेन्स व्यवस्थित चालतात. व्हिडिओ काढणार असाल तर स्टॅबिलायझेशन बॉडीत आहे का, हे आधी पाहावे. कॅनन १५००डी, निकॉन झेड५० आणि सोनी ए६४०० यांत ते नाही, म्हणून त्यांच्यासाठी ते लेन्समध्ये असणे चांगले.

माझी निवड

आता नावे घेता येतील. एपीएस-सी कॅमेरा असून घरातले आणि रात्रीचे प्रसंग जास्त असतील, तर १७ किंवा १८ मिमीपासून सुरू होणारी, सलग एफ/२.८ ची लेन्स मी निःशंकपणे सुचवतो. डीएसएलआरसाठी सिग्माची १७-५० मिमी एफ/२.८ ही स्टॅबिलायझेशन असलेली लेन्स जुन्या बाजारात सहज मिळते आणि ती अजूनही कामाची आहे. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी सिग्माची १८-५० एफ/२.८ सुमारे २९० ग्रॅमची, खिशात मावेल एवढी आहे, परंतु तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ सोनी आणि फुजीफिल्मसाठी मिळते. वजन ५२५ ग्रॅमच्या आसपास आहे, स्टॅबिलायझेशन आहे, आणि ७० पर्यंतच्या पल्ल्यामुळे चेहरे सुंदर येतात. सोनी ए६४०० वापरणाऱ्या माणसाला मी हीच घ्यायला सांगतो.

फोटो मुख्यतः दिवसाचे, जत्रांचे आणि प्रवासाचे असतील, तर कॅननची १८-१३५ किंवा निकॉनची १८-१४० पुरेशी आहे. किट लेन्सच्याच कुळातल्या म्हणून त्यांना लोक कमी लेखतात, ते मला पटत नाही. वर केलेले सारंगखेड्याचे गणित या लेन्स पूर्ण करतात, आणि उरलेल्या पैशांत ५० मिमी एफ/१.८ घेऊन रात्रीची सोयही करता येते. लेख एका लेन्सचा असला तरी अवघ्या दीड-दोनशे ग्रॅमची ती लेन्स पिशवीत असल्याने कोणाचे ओझे वाढत नाही.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर उत्तर सरळ आहे: कॅनन किंवा सोनीची २४-१०५ एफ/४, निकॉन झेडसाठी २४-१२० एफ/४. तिन्हींचा फिल्टर ७७ मिमीचा आहे, आणि वजन साधारण ६३० ते ७०० ग्रॅम. सेन्सर मोठा असल्याने एफ/४ वरही आयएसओ वाढवण्याची मुभा मिळते. टॅमरॉनची सोनीसाठीची २८-२०० एफ/२.८-५.६ ही लांब पल्ल्याच्या लेन्सपैकी मला आवडलेली एकमेव. फक्त ती २८ पासून सुरू होते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत ते जाणवते.

१८-३०० आणि १८-४०० विषयी माझे मत स्पष्ट आहे. स्थिर छायाचित्रणासाठीची पहिली झूम लेन्स, फोइग्टलेंडरची झूमार, १९५९ साली आली तेव्हा तिचा पल्ला ३६ ते ८२ मिमी होता, म्हणजे सव्वादोन पट; १८-४०० चा पल्ला बावीस पट आहे. एवढ्या पल्ल्यात प्रत्येक ठिकाणी भिंगांचे दोष सारख्याच चोखपणे दुरुस्त करणे शक्य होत नाही, म्हणून कडांना मऊपणा येतो, सरळ भिंती वाकतात आणि लांब टोकाला तोंड एफ/६.३ पर्यंत आक्रसते. उन्हात, स्थिर विषयांसाठी आणि एकट्याने प्रवास करताना ती सोयीची आहे. श्रावणातल्या रात्री ती निरुपयोगी आहे.

पैसे देण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वी आखाजीला माहेरी आलेल्या मुलींचा झोक्याजवळ एक गटाचा फोटो मी काढला. लेन्स नवीकोरी होती, आणि फोटोत डावीकडच्या तिघींचे चेहरे मऊ आले. त्या हलल्या असतील असे समजून मी तो विषय सोडला. महिनाभराने प्रत्येक फोटोची डावी बाजू तशीच येते आहे हे ध्यानात आले, विटांच्या भिंतीवर तपासणी केली, तेव्हा आतले एक भिंग तिरके बसले असल्याची खात्री पटली. दुकानदाराकडे बदलून देण्याची मुदत तोवर टळली होती. त्या मुलींचा तसा एकत्र फोटो पुन्हा निघाला नाही, याचे वाईट मला आजही वाटते.

म्हणून लेन्स घरी आणल्याच्या पहिल्याच दिवशी ही तपासणी करावी. तिपाईवर कॅमेरा ठेवून विटांच्या भिंतीला किंवा भिंतीवर ताणून चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या चार पानांना समोरासमोर धरावा, पाण्याची पातळी पाहतो तितक्या काळजीने. सर्वांत मोठ्या ॲपर्चरवर रुंद, मधल्या आणि लांब टोकाला एकेक फोटो काढावा आणि चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून पाहावेत. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे; एकच बाजू मऊ असेल तर ती प्रत सदोष आहे आणि परत करावी. त्यासाठी पक्के बिल, बिलावर लेन्सचा अनुक्रमांक आणि भारतातली वॉरंटी, या तीन गोष्टी हाती असाव्यात.

जुनी लेन्स घेताना आणखी काही पाहावे लागते. अंधाऱ्या जागी लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च तिरका मारून पुढून आत बघावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. धुळीचे चार-दोन कण दिसले तर घाबरू नये, त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही. झूमची रिंग पूर्ण फिरवताना कोठे खर लागते का, लेन्स खाली धरल्यावर नळी आपोआप घसरते का, ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का, आणि माउंटवर बसवल्यावर ती डुगडुगते का, हेही पाहावे.

धूळ

आपल्याकडच्या झूम लेन्सचे आयुष्य धूळ ठरवते. झूम करताना नळी पुढे येते तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि त्या हवेबरोबर सारंगखेड्याची माती किंवा जिनिंगमधला कापसाचा तंतूही आत जातो. घ्यायची लेन्स धूळ-पाण्यापासून संरक्षित आहे का, निदान माउंटभोवती रबराची कडी आहे का, हे म्हणूनच पाहावे. हूड कायम लावून ठेवावा. मे महिन्यात लेन्स बंद गाडीत ठेवू नये, आणि पावसाळ्यात सिलिकाच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

मिरचीच्या पथारीवर गेलात तर परतल्यावर बाहेर आलेली नळी लगेच आत ढकलू नये. तिच्यावर तांबूस बारीक पूड बसलेली असते, आणि नळी आत गेली की ती पूड रबराच्या कडीपाशी जाऊन साचते व पुढच्या वेळी रिंग करकरू लागते. आधी ब्लोअरने हवा मारावी, मग मऊ ब्रशने नळीची संपूर्ण गोलाई टोकाकडून बॉडीकडे न नेता बॉडीकडून टोकाकडे झाडावी, त्यानंतर कोरडे मायक्रोफायबरचे कापड फिरवावे आणि मगच नळी मिटवावी. पुढच्या काचेला हे कापड लावू नये. काचेसाठी दुसरे ठेवावे, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला व्ह्यूफाइंडर लावू नये.